तबल्याच्या घरच्या रियाजासाठी लेहरा कुठून मिळवावा?

इंदिरानगरचा विद्यार्थी :

नमस्कार. मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो आणि नोकरी सांभाळून गेली साडेचार वर्षे तबला शिकतो आहे. वर्ग आठवड्यातून दोनच दिवस असतो. उरलेल्या दिवशी पहाटे साडेपाच ते साडेसहा घरी रियाज करतो आणि त्या वेळी पेटीवर लेहरा, म्हणजे तालाचे आवर्तन दाखवणारी आणि पुन्हा पुन्हा वाजणारी चाल, धरायला अर्थातच कोणी नसते. म्हणून आजवर यूट्यूबवरचा एकच लेहरा लावत आलो. राग चंद्रकंस, तीनताल, लय ऐंशी (मिनिटाला ऐंशी मात्रा), पट्टी म्हणजे षड्जाचा सूर काळी एक, लांबी तासभर.

त्याचे फळ नुकत्याच झालेल्या परीक्षेत मिळाले. साथीला बसलेल्या गृहस्थांनी वेगळाच लेहरा धरला. माझ्या सवयीचा लेहरा समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, षड्जाला येतो, त्यांचा मध्यमावर येत होता. कायदा (ठरलेली बोलरचना) मांडला, त्याचा पहिला पलटा, म्हणजे बोल फिरवून केलेला प्रकार, झाला आणि दुसऱ्या पलट्यानंतर मला सम सापडेना. साथीदारांनी मानेने सम दाखवली म्हणून कसाबसा आत आलो. तेव्हा कळले की इतकी वर्षे मी ताल मोजत नव्हतो, पाठ झालेल्या एका चालीच्या आधाराने चाललो होतो.

आता मला वेगवेगळ्या रागांतले, काळी एकच्याच पट्टीतले आणि निरनिराळ्या लयींतले लेहरे हवे आहेत. तीनतालाखेरीज झपताल आणि रूपकही चालू आहेत. ऐन तिहाईत (तीनदा वाजवून समेवर संपवायच्या बोलात) जाहिरात वाजू लागणार नाही, एवढी एक अपेक्षा आहे. आपण काय वापरता?

कायदा-पलटा :

आपला अनुभव वाचून माझी पहिली बैठक आठवली, फक्त मला मान हलवून वाचवणारे कोणी नव्हते.

आधी एक खुलासा करतो, कारण यात पैसे वाया जातात. दुकानात ‘रियाजाचे मशीन’ मागितले की बहुधा इलेक्ट्रॉनिक तानपुरा किंवा रडेलच्या तालमालेसारखे ठेका देणारे यंत्र पुढे येते. गायकाला आणि बासरीवाल्याला तेच हवे असते. तबलजीचे उलटे आहे. ठेका तर आपणच देणार, आपल्याला हवी असते ती आवर्तन दाखवणारी चाल. तेव्हा शोधताना ‘लेहरा’ किंवा ‘नगमा’ हेच शब्द वापरावेत. आयफोनवर ‘आयलेहरा’ आहे, आणि अँड्रॉइडवरही याच शब्दांनी शोधल्यास लेहऱ्याची अ‍ॅप सापडतात. घेण्यापूर्वी त्यात राग, ताल, पट्टी आणि लय या चारही गोष्टी वेगवेगळ्या बदलता येतात का, ते अवश्य पाहावे. पट्टी अर्ध्या स्वरापेक्षाही बारीक सरकवता आली तर फारच उत्तम. पावसाळ्याच्या दमट हवेत पुडी, म्हणजे तबल्यावरचे कातडे, सुराला उतरते, आणि निफाडकडे पारा घसरल्याच्या बातम्या येऊ लागल्या की कोरड्या हवेत तीच पुडी चढते, त्यामुळे रोज पहाटे हातोडी घेऊन गट्ठ्यांमागे (ताण कमी-जास्त करणाऱ्या लाकडी ठोकळ्यांमागे) लागण्यापेक्षा कधी कधी लेहराच केसभर खाली-वर करणे सोयीचे पडते. अर्थात याची सवय लावून घेऊ नये, तबला सुरात मिळवणे हाही रियाजच आहे.

आपला जुना लेहराही टाकून देण्याचे कारण नाही. यूट्यूबवर गती बदलली तरी सूर हलत नाही. ऐंशीचा लेहरा पाऊणपट केला की साठचा होतो, सव्वापट केला की शंभरचा आणि दीडपट केला की एकशेवीसचा. दीडपटीच्या पुढे मात्र पेटी पेटीसारखी वाजत नाही.

राहिला खरा दोष. नवीन लेहरा लावला की लगेच तबल्यावर हात टाकू नका. पाच मिनिटे फक्त हाताने ताल धरा, नवव्या मात्रेला खाली (टाळी न देण्याची जागा) दाखवा आणि लेहरा तोंडाने गुणगुणा. त्याची सम कोणत्या स्वरावर आहे आणि खालीला तो कुठे असतो हे सांगता आले, की मग ‘धाधा तेटे धाधा तीना’ सुरू करा. दर आठवड्याला लेहरा बदला. चार महिन्यांत आपला चंद्रकंस आपल्याला परका वाटेल.

पंचवटीची पेटी :

मी गेली अनेक वर्षे तबल्याच्या विद्यार्थ्यांना लेहऱ्याची साथ करते, त्यामुळे ही तक्रार मला दुसऱ्या बाजूने ठाऊक आहे. अ‍ॅपवर तयार झालेली मुले ओळखू येतात. त्यांची लय पक्की असते, पण समोर माणूस बसला आहे याची त्यांना जाणीवच नसते. माणसाचा लेहरा श्वास घेतो, भाता दाबताना एखादा स्वर किंचित जड पडतो, द्रुत लयीत तो तबल्याकडे कान देऊन सरकतो. यंत्र यातले काही करत नाही. म्हणून माझे मत वरच्या उत्तरापेक्षा थोडे वेगळे आहे : लेहरा शोधू नये, करून घ्यावा.

आपल्या गुरुजींना किंवा ओळखीच्या एखाद्या पेटीवाल्याला अर्ध्या तासासाठी विनंती करा. त्यांच्याकडून चार रागांतला तीनताल, दोन रागांतला झपताल आणि एक रूपक, प्रत्येकाची आठ-दहा आवर्तने, मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून घ्या. मोबाइल पेटीच्या अगदी तोंडाशी ठेवू नये, हातभर अंतर असावे, आणि पंखा बंद करावा. वाजवणाऱ्याने कानात मेट्रोनोम लावला तर पुढचे काम सोपे होते.

मग संगणकावर ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. सर्वांत सुबक जमलेली चार आवर्तने निवडून पहिल्या समेपासून पाचव्या समेपर्यंतचा तुकडा कापा. कापणी बरोबर झाली की नाही, हे गणिताने तपासता येते. लय साठ असेल तर सोळा मात्रांचे आवर्तन बरोबर १६ सेकंदांचे होते, ऐंशीला १२ सेकंदांचे आणि एकशेवीसला ८ सेकंदांचे. म्हणजे ऐंशीच्या लयीतली चार आवर्तने ४८ सेकंदांची भरली पाहिजेत. अर्धा सेकंद जरी जास्त राहिला, तरी तुकडा पुन्हा सुरू होताना दर वेळी समेपूर्वी एक ठेच लागते आणि नकळत हात ती ठेच शिकतो. तुकडा नीट कापला की त्याच्या चाळीस-पन्नास प्रती जोडून अर्ध्या तासापेक्षा मोठी फाइल करा. त्यात जाहिरात येणार नाही आणि इंटरनेटही लागणार नाही. लय बदलायची असल्यास ‘चेंज टेम्पो’ वापरा, पट्टी बदलायची असल्यास ‘चेंज पिच’. ‘चेंज स्पीड’ला (नव्या आवृत्त्यांत ‘चेंज स्पीड अँड पिच’) हात लावू नका, त्याने दोन्ही एकदम बदलतात. जुन्या कॅसेटची फीत वेगाने फिरली की जसे व्हायचे तसेच. वेग सहा टक्के वाढला की काळी एकची जवळजवळ पांढरी दोन होते.

आणखी एक सांगते. जोडताना मधली दोन आवर्तने मुद्दाम पूर्ण शांत ठेवा. लेहरा थांबतो, आपण ठेका चालू ठेवायचा, आणि लेहरा परत आला की आपली सम त्याच्या समेवर पडते का ते पाहायचे. पहिल्या आठवड्यात पडणार नाही. आमच्याकडे येणाऱ्या एका मुलीने पुढे चार आवर्तनांची शांतता मागून घेतली होती.

गंगापूर रोड गिटार :

विषय तबल्याचा आहे, तरी एक तांत्रिक सूचना करतो. मी गिटार वाजवतो आणि आमच्याकडे मूळ गाण्यातून गिटारचा आवाज काढून टाकणारी मोइजेससारखी अ‍ॅप वापरतात. लेहऱ्यासाठी त्यांचा एक उपयोग होऊ शकतो. आपल्या गुरुजींच्या जुन्या ध्वनिमुद्रणात तबला आणि पेटी एकत्र असतील, तर तबला वेगळा काढून मागची पेटी बऱ्याच अंशी मोकळी मिळते. पेटीच्या सुरात थोडी खरखर राहते, पण आपल्याच घराण्यातला लेहरा हाती लागतो.

मात्र ब्लूटूथ स्पीकर वापरू नका. त्याचा आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद उशिरा येतो.

कायदा-पलटा :

@गंगापूर रोड गिटार, ध्वनिमुद्रण करताना आपले म्हणणे बरोबर आहे. नुसत्या रियाजात मात्र तो उशीर आड येत नाही, कारण लेहरा सबंधच्या सबंध उशिरा येतो आणि आपण जे ऐकतो त्याच्याशीच वाजवतो. फक्त अ‍ॅपच्या पडद्यावर चमकणारा मात्रेचा ठिपका पाहून वाजवू नये, तो कानाच्या पुढे धावतो. स्पीकर डग्ग्याच्या बाजूला न ठेवता समोर ठेवावा, म्हणजे डग्ग्याच्या घुमाऱ्यात लेहरा बुडत नाही.

शांत आवर्तनांची युक्ती मी आजपासून उचलली. त्यात तिहाई बसवून पाहावी. पाच मात्रांचा पल्ला तीनदा आणि मध्ये एकेका मात्रेचा दम घेतला की सतरा मात्रा होतात, म्हणजे समेपासून उठलेल्या तिहाईचा शेवटचा धा पुढच्या समेवर पडतो. लेहरा नसताना सोळाच मात्रा झाल्या तरी हाताला पत्ता लागत नाही. लेहरा परत आला की लगेच चोरी पकडली जाते.

इंदिरानगरचा विद्यार्थी :

सर्वांचे मनापासून आभार. पंचवटीच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे रविवारी गुरुजींकडे गेलो. त्यांनी भूप, किरवाणी, पिलू आणि चारुकेशी असे चार तीनताल, दोन झपताल आणि एक रूपक पेटीवर धरून दिले. माझी पहिली कापणी ४८ ऐवजी ४८.६ सेकंदांची झाली होती. ऐकताना काहीच कळले नाही, पण वाजवायला बसल्यावर दर चार आवर्तनांनी पाय अडखळल्यासारखे होत होते, म्हणून पुन्हा बसून कापले.

दोन आवर्तनांच्या शांततेत पहिल्या दिवशी मी लेहऱ्याच्या सव्वा मात्रा पुढे निघून गेलो होतो. काल अर्ध्या मात्रेने पुढे होतो. रूपकाला अजून हात लावलेला नाही. त्याची सम खालीवरच असल्यामुळे तो आधी हातावर ताल धरून आठवडाभर गुणगुणणार आहे.