२७ किलोमीटरच्या यंत्राशी इंदूरचा काय संबंध? आहे, आणि आपल्यालाच माहीत नाही

लोकमान्यनगर
मंडळी, मार्च २०२५ मध्ये सर्नवाल्यांनी, म्हणजे युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेने, पुढच्या कोलायडरचा (कण वेगाने पळवून एकमेकांवर आपटणाऱ्या यंत्राचा) अभ्यास-अहवाल काढला. ९१ किलोमीटरचा बोगदा, साधारण १५ अब्ज स्विस फ्रँक खर्च आणि सगळं सुरळीत झालं तरी यंत्र सुरू व्हायला २०४० च्या पुढे. ओळखीत ज्याला सांगावं तो म्हणतो, असेल त्यांचं काही, आपल्याला काय करायचंय. मला हेच खटकतं. जिनिव्हाजवळ त्यांचं सध्याचं जे २७ किलोमीटरचं कोलायडर, एलएचसी, आहे ना, त्यातले ते प्रचंड चुंबक ज्या जॅकवर टेकलेले आहेत ते भारताने दिलेत आणि त्या कामाची जबाबदारी आपल्या इंदूरच्या कॅट या सरकारी संशोधन केंद्राकडे होती. हो, तेच कॅट रोडवालं, २००५ पासून नाव राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र. सुमारे ७००० जॅक! एकेक चुंबक ३० टनांच्या वरचा आणि तो हलवून मिलिमीटरच्या विसाव्या भागापर्यंत अचूक जागेवर बसवायचा, म्हणजे किती बारकाईचं काम असेल विचार करा. शिवाय १७०० च्या वर छोटे अतिवाहक (खूप थंड केल्यावर वीज विनाअडथळा वाहू देणारे) चुंबक, मोठ्या चुंबकांच्या क्षेत्रात ज्या बारीक त्रुटी राहतात त्या सुधारणारे, तेही इथल्याच देखरेखीखाली भारतीय कारखान्यांत बनले. आणि या शहरात किती जणांना हे माहितीये? माझं म्हणणं सरळ आहे, या संशोधनात सामान्य माणसाला रस असायला हवा, आणि त्याला ते त्याच्या भाषेत समजावून सांगणं हे ते करणाऱ्यांचं काम आहे, कारण पैसा शेवटी लोकांचाच आहे.

हिशेबी
काका, जॅकचा अभिमान मलाही वाटला, खरंच. पण अभिमान वेगळा आणि लोकांचं हित वेगळं. आपण नर्मदेचं पाणी जलूदहून सत्तरेक किलोमीटरवरून उचलून आणतो तरी नळ एक दिवसाआड, मग माणसाला रस कशात असणार? ४ जुलै २०१२ ला एलएचसीत हिग्ज, म्हणजे मूलकणांना वस्तुमान कसं मिळतं त्याच्याशी जोडलेला कण, सापडल्याचं जाहीर झालं, २०१३ ला नोबेल झालं, छान. त्यानंतर त्याच यंत्राने एक तरी नवा मूलकण दिला का? नाही. आणि आता म्हणे त्याच्या तिपटीहून मोठं पाहिजे. अमेरिकेने टेक्सासमधला ८७ किलोमीटरचा प्रकल्प १९९३ मध्ये मधेच बंद केला, दोनेक अब्ज डॉलर घालून आणि बोगद्याचा बराच भाग खणून झाल्यावर. अमेरिकेचं काही अडलं नाही.

पाटणीपुरा
अडलं कसं नाही, ते सगळं युरोपात गेलं! हिशेबीदादा तुम्ही हे ज्यावर टाइप करताय ते वेब सर्नमध्येच १९८९ ला सुचलं आणि १९९३ मध्ये त्यांनी ते सगळ्या जगाला फुकट देऊन टाकलं. इथलं बघायचं तर कॅटने चोइथराम मंडीत इलेक्ट्रॉन बीमचं केंद्र उभं केलंय, त्यात दवाखान्यातलं सामान निर्जंतुक करतात. प्रवेगकाचा, म्हणजे कण वेगाने पळवणाऱ्या यंत्राचा, उपयोग अजून कसा दाखवायचा?

हिशेबी
पाटणीपुरा, ही दोन्ही उदाहरणं तुमच्याच विरुद्ध जातात. मंडीतलं यंत्र एका हॉलमध्ये मावतं, त्याला २७ किलोमीटरचा बोगदा लागला नाही. वेबला तर प्रोटॉनची टक्कर लागलीच नाही, खूप माणसं, खूप कॉम्प्युटर आणि कागदपत्रं सांभाळायची डोकेदुखी एवढंच लागलं. उपयोगच हवा असेल तर सरळ त्या उपयोगावर पैसा लावा, कमी लागेल.

ग्वाल्हेरचा
मी काही वर्षं याच विषयात शिकलोय आणि मला हिशेबी यांचं वरचं म्हणणं बरोबर वाटतं. या संशोधनाची बाजू घेताना आम्ही लोक सतत वेब आणि कॅन्सरच्या उपचारांचे दाखले देतो आणि मूळ प्रश्न मागेच राहतो, मग लोकांना वाटतं मूळ प्रश्नात काही दमच नसावा. दम आहे हो! इलेक्ट्रॉनला वस्तुमान का आहे? ते नसतं तर अणूच बांधला गेला नसता, मी नाही तुम्ही नाही. हिग्ज सापडला म्हणजे काम संपलं असं नाही, तो स्वतःशी कसा वागतो हे अजून नीट मोजलेलंच नाही. एलएचसीत प्रोटॉनवर प्रोटॉन आपटतात आणि प्रोटॉन स्वतःच क्वार्क-ग्लुऑन या आणखी बारीक कणांची गाठोडी, दोन गाठोडी आपटल्यावर काय काय उडतं त्यातून हवं ते वेचायचं. ९१ किलोमीटरच्या पहिल्या टप्प्यात इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचेच उलट्या विद्युतभाराचे जोडीदार) आपटायचे आहेत, त्यांना आत काही नाही, त्यामुळे टक्कर स्वच्छ आणि हिग्ज लाखोंनी मिळतील. नवा कण मिळेलच अशी हमी कोणी देऊ शकत नाही, आणि जो देईल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पण मोजमाप बारीक होणार हे नक्की, आणि भौतिकशास्त्रात बारीक मोजमापातूनच जुने सिद्धांत फुटलेत.

हिशेबी
हमी नाही हे स्वच्छ सांगितलंत त्याबद्दल आभार, असं कोणी बोलत नाही. पण मग १५ अब्जच का? तेवढ्यात मध्यम आकाराचे कितीतरी प्रयोग होतील. आणि खुद्द तुमच्यातच यावर एकमत नाहीये हे लोकांना सांगता का कधी?

राऊची_मास्तरीण
सांगत नाहीत, आणि माझी तक्रार तीच आहे. मी शाळेत विज्ञान शिकवते. १० सप्टेंबर २००८ आठवतो का कोणाला? एलएचसीत पहिल्यांदा प्रोटॉन फिरवले तो दिवस. त्याआधी आपल्या टीव्ही चॅनलवर सारखं चालू होतं, कृष्णविवर तयार होणार, पृथ्वी गिळली जाणार, उलटी गिनती. त्या भीतीने आपल्याच राज्यात एका शाळकरी मुलीने जीव दिल्याची बातमी आली होती. मला ते आजही सहन होत नाही. कारण उत्तर इतकं सोपं होतं, की अवकाशातून येणारे वैश्विक किरण या यंत्रापेक्षा कितीतरी जास्त ऊर्जेने साडेचार अब्ज वर्षं पृथ्वीवर आदळतायत आणि पृथ्वी जागेवर आहे, बस. आठवीतल्या पोरीला कळेल असं हे एक वाक्य तिच्यापर्यंत पोचवणारं कोणी नव्हतं. त्यामुळे "लोकांना रस नाही" हे मला पटत नाही. रस आहेच, भीतीच्या रूपात का होईना, आणि आपण तिथे पोचत नाही म्हणून ती जागा चॅनलवाले भरतात. कॅटमध्ये विज्ञान दिनाला मुलांना आत नेतात, इंडस-२ हा इलेक्ट्रॉन फिरवणारा प्रवेगक दाखवतात, १७२ मीटर परिघाचा. पोरं बाहेर येऊन जे प्रश्न विचारतात ना, त्यातल्या निम्म्यांची उत्तरं मला घरी येऊन शोधावी लागतात. पाण्याचं म्हणाल दादा, तर त्याच पोरांच्या घरी पण नळ एक दिवसाआडच येतो.

हिशेबी
ताई, त्या मुलीबद्दल काही बोलत नाही, तुमचं बरोबर आहे. पण भीती घालवणं वेगळं आणि खर्चाला होकार मिळवणं वेगळं. मला वाटतं लोकमान्यनगर काकांना दुसरं हवंय आणि ते पहिल्याच्या आडून मागतायत.

लोकमान्यनगर
आडून नाही, उघड मागतोय. मला होकारच हवाय, पण समजून दिलेला. आणि तो खर्च एकट्या भारताचा नाही, कितीतरी देश मिळून करतात. आपण २०१७ पासून सर्नचे सहयोगी सदस्य आहोत, म्हणजे आपल्या कंपन्यांना तिथल्या कामांच्या निविदा भरता येतात. पीथमपूरच्या किती कारखानदारांना हे कोणी सांगितलं?

छत्रीबाग
"समजून दिलेला होकार" म्हणताय तर तेनीचं बोला. तमिळनाडूत तेनी जिल्ह्यात बोडीच्या डोंगराखाली न्यूट्रिनोची, म्हणजे कशालाच सहसा न अडणाऱ्या अतिसूक्ष्म कणांची, वेधशाळा होणार होती, जानेवारी २०१५ मध्ये केंद्राने १५०० कोटींच्या आसपास मंजूर केले, ५०,००० टनांचं लोखंडी उपकरण. अजून काही झालं नाही. लोकांनी विरोध केला आणि तिथल्या सरकारनेही. मग तज्ज्ञ म्हणाले लोक अडाणी आहेत, न्यूट्रिनोला घाबरतात. अहो, न्यूट्रिनोला घाबरायचं कारण नाही हे मलाही माहितीये, ते दर सेकंदाला अब्जावधींनी आपल्यातून आरपार जातात. पण पश्चिम घाटात सुरुंग लावून बोगदा खणला तर झऱ्यांचं काय, जंगलाचं काय, हा प्रश्न अडाणी नाही. त्याचं उत्तर न्यूट्रिनो किती निरुपद्रवी आहे हे सांगून कसं देता?

ग्वाल्हेरचा
छत्रीबाग, यात दुःख असं की १९६५ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणीत वातावरणातले न्यूट्रिनो जगात अगदी पहिल्यांदा टिपणाऱ्यांत आपण होतो. खाणी बंद पडल्या आणि ती जागा गेली. तेनी झालं असतं तर पुन्हा उभे राहिलो असतो. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर खडकाचा आणि पाण्याचा अभ्यास करणाऱ्यांनी द्यायला हवं होतं, आणि ते तमिळमध्ये गावात बसून आधी द्यायला हवं होतं, मंजुरीनंतर नव्हे.

छत्रीबाग
मग हिंगोलीत तरी तसं होतंय का बघा. औंढा नागनाथजवळ लायगो ही वेधशाळा येतेय, २०२३ मध्ये २६०० कोटी मंजूर झालेत, त्यात कॅट भागीदार आहे. ती कण नाही तर गुरुत्वीय लहरी (कृष्णविवरांच्या टकरीसारख्या घटनांनी अवकाशात उठणारे तरंग) मोजणार, ठीक आहे, पण पैसा आणि जमीन लोकांचीच. आणि तिथले लोक मराठी बोलतात, म्हणजे भाषेचीही सबब नाही.

लोकमान्यनगर
हे आवडलं. इथल्या मराठी मंडळात एक संध्याकाळ ठेवू, आधी एलएचसी आणि ते जॅक, नंतर औंढा. कॅटमधून निवृत्त झालेले मराठी इंजिनिअर शहरात आहेतच, त्यांना विचारतो. मास्तरीणबाई, तुमच्या नववी-दहावीच्या मुलांना पुढच्या रांगेत बसवा, प्रश्न त्यांनीच आधी विचारायचे.

राऊची_मास्तरीण
येतो आम्ही. फक्त रविवार ठेवा, आणि स्लाइड इंग्रजीत नकोत.

हिशेबी
मीही येईन, पण खर्चाच्या विरोधात बोलायला मला १५ मिनिटं द्यायची, शेवटी आभारप्रदर्शनाच्या वेळी नाही, मधे.

छत्रीबाग
आणि तेनीच्या विरोधकांची बाजू मी मांडणार. ग्वाल्हेरचे, तुम्ही त्याच टेबलावर बसा, उत्तर तुम्ही द्यायचं.