गेटिसबर्गची रणभूमी पाच तासांत नीट पाहता येईल का?

प्रश्न:
नमस्कार. जूनमध्ये आम्ही वॉशिंग्टनहून मोटारीने उत्तरेकडे निघणार आहोत आणि वाटेत पेनसिल्व्हेनियातील गेटिसबर्ग येथे थांबावे, असा माझा आग्रह आहे. सोबत १० आणि १३ वर्षांची मुले व माझे सासरे असतील. सासऱ्यांना इतिहासाची मनापासून ओढ आहे, परंतु गुडघ्यांमुळे त्यांना फार चालवत नाही. आमच्या हाताशी जेमतेम पाच तास आहेत. नकाशावरील २४ मैलांचा मोटारमार्ग आणि १,३०० हून अधिक स्मारके व खुणांचे दगड पाहून मी गोंधळले आहे. काय पाहावे आणि काय सोडावे?

उत्तर १:
स्मारके मोजत फिरू नका, एवढेच प्रथम सांगतो. अमेरिकेच्या यादवी युद्धातील, म्हणजे तेथील उत्तर आणि दक्षिण राज्यांमधील युद्धातील, ही लढाई १ ते ३ जुलै १८६३ असे तीन दिवस चालली आणि मोटारमार्गही साधारण त्याच क्रमाने आखलेला आहे. पहिल्या दिवसाच्या जागा मोटारीतूनच पाहा. दुसऱ्या दिवसासाठी लिटल राउंड टॉप या टेकडीवर थांबा. रस्ता माथ्याजवळून जातो आणि वरून डेव्हिल्स डेनचे खडक व समोरची शेते एका नजरेत येतात, त्यामुळे ही टेकडी हातची जाऊ नये म्हणून उत्तरेच्या सैन्याने एवढी धडपड का केली, हे मुलांना न सांगता कळेल.

उरलेला वेळ तिसऱ्या दिवसाच्या मैदानाला द्या. दुपारच्या प्रचंड तोफमाऱ्यानंतर दक्षिणेचे सुमारे १२,५०० सैनिक सेमिनरी रिज या टेकडीरांगेच्या झाडीतून बाहेर पडले आणि जवळपास मैलभर उघड्या रानातून समोरच्या दगडी बांधावर चालून गेले. दक्षिणेचे सेनानी जॉर्ज पिकेट यांच्या नावाने पिकेटची चढाई म्हणतात ती हीच, आणि तीत निम्म्याहून अधिक माणसे मारली गेली, जखमी झाली किंवा पकडली गेली. व्हर्जिनियाच्या स्मारकापासून त्या बांधापर्यंत आजही चालत जाता येते. दुरून सपाट दिसणारे ते मैदान प्रत्यक्षात सखल-उंच आहे; चालताना मध्येच समोरचा बांध दिसेनासा होतो आणि चढ संपताच एकदम पुढ्यात येतो. हे कोणत्याही नकाशावरून समजत नाही. एमिट्सबर्ग रस्त्याच्या कडेची लाकडी कुंपणे त्या सैनिकांना गोळीबारात ओलांडावी लागली होती. त्या रस्त्यावर आज वाहनांची वर्दळ असते, तेव्हा मुलांचा हात धरूनच तो ओलांडा.

आपल्यापैकी एकाने सासऱ्यांना मोटारीने बांधाकडे आधीच नेऊन बसवावे. बचाव करणाऱ्यांच्या जागेवरून त्यांना नातवंडे सखल भागात नाहीशी होताना आणि पुन्हा वर येताना दिसतील. तेथील संग्रहालयातील लढाईचे भव्य चित्र मात्र वेळेअभावी सोडले तरी चालेल.

उत्तर २:
चित्राविषयी मी सहमत नाही. पॉल फिलिपोटो यांनी १८८० च्या दशकात रंगवलेले ते वर्तुळाकार चित्र ३७७ फूट लांबीचे आहे आणि त्यात पिकेटची चढाईच दाखवली आहे. ज्यांना मैदान चालून जाता येणार नाही, त्यांनी तरी ते चुकवू नये. रणभूमीवर फिरण्यास प्रवेशशुल्क नाही. संग्रहालय आणि चित्रासाठी मात्र तिकीट लागते.

परवानाधारक मार्गदर्शकही आधी ठरवून ठेवा. तो आपल्याच मोटारीत बसून, हवे असल्यास स्वतः ती चालवून, साधारण दोन तासांत सगळे दाखवतो. आमच्या मार्गदर्शकाने मला दाखवलेली एक गोष्ट विसरता येत नाही. आज दिसणारे रान आपोआप टिकलेले नाही: लढाईच्या वेळी नसलेली झाडी कालांतराने वाढली होती, ती काही ठिकाणी काढून फळबागा पुन्हा लावल्या आहेत आणि कुंपणेही जुन्या जागी उभारली आहेत. म्हणूनच तोफेमागे उभे राहिले की तोफचीला काय दिसत होते, ते बरेचसे आपल्यालाही दिसते.

उत्तर ३:
तो दगडी बांध ज्या टेकडीरांगेवर आहे, त्या सेमेटरी रिजवरील अब्राहम ब्रायन यांचे छोटे पांढरे घर मुलांना अवश्य दाखवा. ते स्वतंत्र कृष्णवर्णीय शेतकरी होते. दक्षिणेचे सैन्य वाटेत सापडलेल्या कृष्णवर्णीयांना, ते गुलाम असोत वा नसोत, पकडून दक्षिणेकडे पाठवत होते. म्हणून त्या सैन्याच्या चाहुलीने ब्रायन कुटुंबाला घर सोडावे लागले. युद्ध कशावरून पेटले होते, हा १३ वर्षांच्या मुलाचा प्रश्न त्या दारात उभे राहून अधिक सरळपणे सोडवता येतो.

तेथून राष्ट्रीय दफनभूमी जवळच आहे. राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी १९ नोव्हेंबर १८६३ रोजी आपले अवघ्या काही मिनिटांचे भाषण तिच्या समर्पणाच्या वेळी केले. अनोळखी सैनिकांच्या कबरींवर केवळ आकडा कोरलेले लहान चौकोनी दगड आहेत. तेथे थोडे थांबा.

प्रश्नकर्तीचे उत्तर:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. सासऱ्यांना बांधाकडे बसवण्याची कल्पना आजच त्यांना सांगितली आणि आपली दुर्बीण सोबत घ्यायला त्यांनी लगेच बजावले. मार्गदर्शक सकाळचा ठरवते, चित्र त्यानंतर पाहू आणि मैदान दुपारी चालत पार करू. गवतातून जाताना मुलांना पायघोळ विजार घालावी का?

उत्तर १:
होय, आणि मोजेही. तेथील गवतात गोचिडी असतात, त्यामुळे मोटारीत बसण्यापूर्वी मुलांचे पाय तपासा. पाणी भरपूर घ्या, कारण त्या मैदानात सावली नाही. जमिनीत गोळी किंवा धातूचा तुकडा दिसला तर तो उचलणे कायद्याने निषिद्ध आहे, हेही मुलांना आधीच सांगून ठेवा.