रस्ते-वाहतुकीसाठी नागरिकांची सल्लागार समिती : खरंच काही बदलतं का? (ठाणे)

कोलशेतवाली
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांब आहे पण प्लीज शेवटपर्यंत वाचा. आमच्या इकडच्या सोसायट्यांचं फेडरेशन आहे आणि आता आमच्या भागातले रस्ते, फुटपाथ, पार्किंग, बसथांबे या सगळ्यासाठी नागरिकांची एक सल्लागार समिती करायची असं ठरतंय. दर महिन्याला बसायचं, पालिकेच्या इंजिनिअर लोकांना लेखी सूचना द्यायच्या, गरज पडली तर ट्रॅफिकच्या साहेबांनाही बोलवायचं. माझं नाव सुचवलंय आणि मला काम करायचंही आहे, पण घरात सगळे म्हणतायत की चहा-बिस्किटांपलीकडे काही होत नाही अशा समित्यांचं.

मला का करायचंय ते सांगते. मुलाच्या शाळेसमोर फुटपाथ नवीन केलाय, छान पेव्हर ब्लॉक वगैरे, पण विजेचा डीपी बॉक्स जिथे होता तिथेच ठेवून त्याच्या दोन्ही बाजूंनी ब्लॉक बसवलेत. म्हणजे एक माणूस आडवा होऊन जाईल एवढीच जागा उरते, पाठीवर दप्तर असलेलं पोरगं तिथून जाऊच शकत नाही, ते सरळ रस्त्यावर उतरतं आणि बरोबर तिथेच शाळेच्या रिक्षा वळतात. फुटपाथ इतका उंच केलाय की माझ्या सासूबाईंना चढताना हात धरावा लागतो. आता हे कोणी आधी नकाशावर बघितलं असतं तर कळलं नसतं का? अशा समितीचं नेमकं काम काय असतं, कोणाला काही अनुभव आहे का?

जुना_ओव्हरसियर
ताई, मी नेरूळला असतो, नोकरी सगळी सरकारी बांधकामात गेली, तर आतल्या बाजूने सांगतो. समितीत नक्की जा. पण केव्हा बोलायचं ते समजून घेऊन जा, कारण सगळा खेळ तिथेच आहे.

लोकांना रस्त्याचं काम दिसतं जेसीबी आल्यावर, आणि मग पत्रं, मोर्चे, व्हॉट्सॲप सुरू होतं. पण तोपर्यंत सगळं ठरून गेलेलं असतं. आधी बजेटमध्ये त्या कामाची तरतूद होते, मग सर्व्हे, मग नकाशा आणि क्रॉस सेक्शन (रस्ता आडवा कापला तर कसा दिसेल त्याचं चित्र), मग इस्टिमेट, मग तांत्रिक आणि प्रशासकीय मंजुरी, मग टेंडर, मग वर्क ऑर्डर. इस्टिमेट होण्याच्या आधी तुम्ही म्हणालात की हा डीपी बॉक्स दोन मीटर मागे घ्या, तर ती इस्टिमेटमधली एक ओळ असते, वीज कंपनीला पत्र जातं, पैसे भरले जातात, काम होतं. तीच गोष्ट वर्क ऑर्डरनंतर सांगितली तर तो होतो एक्स्ट्रा आयटम, त्याला वेगळी मंजुरी, उद्या ऑडिटला उत्तर द्यायचं कोणी, म्हणून ज्युनिअर इंजिनिअर मान हलवतो आणि ब्लॉक बॉक्सच्या भोवतीने बसवून मोकळा होतो. त्याचा वाईट हेतू असतोच असं नाही, त्याच्या हातात त्या वेळी काही उरलेलंच नसतं.

म्हणून समितीची पहिली मागणी एकच ठेवा, आपल्या भागातल्या प्रत्येक रस्त्याच्या कामाचा नकाशा टेंडर निघायच्या आधी समितीसमोर ठेवायचा. हे मिळालं तर बाकी पुष्कळ होईल आणि हे नाही मिळालं तर तुम्ही कायम झालेल्या कामावर टीका करणारे लोक बनून राहाल. पुढच्या वर्षासाठी काय हवं त्याची यादी दिवाळीच्या सुमारास द्या, कारण पालिकेचं बजेट फेब्रुवारीच्या आसपास मांडलं जातं आणि खात्यांची जुळवाजुळव त्याच्या बरीच आधी सुरू होते. पुण्यात २००६ पासून नागरिकांनी बजेटसाठी कामं सुचवायची पद्धत आहे, फॉर्म भरून देतात लोक, त्यात फुटपाथ, बसथांबा असली कामं बसतात.

दुसरं, कोणती गोष्ट कोणाकडे आहे ते पक्कं करा नाहीतर वर्ष वाया जातं. रस्ता आणि फुटपाथ पालिकेचा असेल, पण नो पार्किंग, वन वे, सम-विषम तारखेचं पार्किंग याची अधिसूचना वाहतूक पोलीस काढतात. शेअर रिक्षाचे मार्ग आणि भाडं मुंबई महानगर प्रदेश परिवहन प्राधिकरणाकडे. बसथांबा हलवायचा तर टीएमटी, म्हणजे ठाणे पालिकेची बससेवा. मेट्रोचं काम चालू असेल तिथे एमएमआरडीए, म्हणजे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. आमच्याकडे नवी मुंबईत तर अजून वेगळं, कुठे सिडको (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ), कुठे पालिका, औद्योगिक पट्ट्यात एमआयडीसी (औद्योगिक विकास महामंडळ) आणि सायन-पनवेल हायवेला पीडब्ल्यूडी (सार्वजनिक बांधकाम खातं). समितीने एका मोठ्या कागदावर आपल्या भागातला प्रत्येक रस्ता आणि त्याचा मालक असा तक्ता केला की अर्धी टोलवाटोलवी बंद होते.

वाशी_ठाणे_लोकल
काकांनी अगदी बरोबर सांगितलं. मी त्यात एवढंच घालेन की तोंडी तक्रार घेऊन जाऊ नका, माप घेऊन जा. आमच्या सेक्टरमध्ये आम्ही काही बायकांनी आणि दोन रिटायर्ड काकांनी मिळून केलंय हे, सरकारी समिती वगैरे नव्हती, नुसता गट.

आमच्या इथे सिग्नलला पायी ओलांडायला वेळ पुरत नाही ही जुनी ओरड, आणि दर वेळी उत्तर एकच, की सिग्नलचं टायमिंग नियमाप्रमाणे आहे. मग आम्ही टेप घेऊन रस्ता मोजला, आणि माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो असं धरून हिशोब करतात हे कळलं. म्हणजे २४ मीटर रस्ता असेल तर २० सेकंद. पण काठी घेतलेल्या आजी ०.८ च्या वेगाने चालतात, त्यांना तोच रस्ता ओलांडायला ३० सेकंद लागतात, म्हणजे हिरवा दिवा संपतो तेव्हा त्या आठ मीटर अलीकडे गाड्यांच्या समोर उभ्या असतात! हा आकडा कागदावर लिहून दिला तेव्हा समोरचा माणूस पहिल्यांदा खुर्चीत पुढे सरकून ऐकायला लागला. आता तिथे वेळ वाढलाय आणि मधल्या दुभाजकावर थांबायला जागा पण केलीय.

फुटपाथसाठी आयआरसी १०३ नावाचं मार्गदर्शक पुस्तक आहे, इंडियन रोड्स काँग्रेसचं, त्याच्या २०१२ च्या आवृत्तीत राहत्या भागात कमीत कमी १.८ मीटर मोकळी रुंदी आणि दुकानांच्या भागात २.५ मीटर सांगितलीय, उंची १५० मिलिमीटरच्या वर नको. मोकळी म्हणजे खरंच मोकळी, झाड, खांब, डीपी सोडून उरलेली. तुमच्या शाळेसमोर टेप लावा, फोटो काढा, टेप फोटोत दिसली पाहिजे, आणि खाली हा आकडा लिहा. सासूबाईंना हात धरावा लागतो म्हणजे उंची नक्की जास्त आहे.

शाळा भरताना आणि सुटताना किती मुलं चालत येतात, किती रिक्षाने, किती कारने हे पण मोजा. मोजल्याशिवाय सगळ्यांना वाटतं की सगळे कारनेच येतात, कारण रस्त्यावर जागा कारच अडवतात.

कळव्याचा
सगळं ठीक आहे पण मला एक गोष्ट मनापासून खटकते ती सांगतो, राग मानू नका. समिती कोणाची? सोसायट्यांच्या फेडरेशनची. म्हणजे फ्लॅटवाल्यांची, त्यातही ज्यांच्याकडे गाडी आहे आणि संध्याकाळी वेळ आहे त्यांची. तुमच्याकडे घरकाम करायला येणाऱ्या ताया कुठून येतात, वॉचमन कुठून येतात, कळवा, मुंब्रा, दिवा, वागळे इस्टेटहून येतात, बस आणि शेअर रिक्षा बदलत येतात आणि शेवटचा टप्पा चालत जातात. त्या रस्त्यावर सगळ्यात जास्त चालणारी माणसं तीच. त्यांच्यातला एक तरी त्या टेबलाशी बसणार आहे का?

मी अशा बैठकांना गेलोय, पहिला विषय पार्किंग आणि दुसरा विषय फेरीवाले हटवा. फेरीवाल्यांच्या बाबतीत तर २०१४ चा कायदा आहे, शहर फेरीवाला समितीत कमीत कमी ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांचे, त्यांनीच निवडून दिलेले, आणि त्यातल्या एक तृतीयांश महिला असं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे ज्याच्या पोटाचा प्रश्न त्याला टेबलाशी खुर्ची, हे कायद्याने एका ठिकाणी मान्य केलंय. मग रस्त्याच्या समितीत चालणारा, सायकलवाला, बसवाला, रिक्षावाला, व्हीलचेअरवाला का नको? २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणातच म्हटलंय की गाड्या नाही, माणसं इकडून तिकडे नेणं हे उद्दिष्ट, तर मग समितीत पण गाड्या नको, माणसं बसवा.

कोलशेतवाली
राग अजिबात नाही दादा, उलट हे कोणी बोललंच नव्हतं आमच्याकडे. आत्तापर्यंत सुचवलेली सगळी नावं सोसायटीच्या कमिटीवरचीच आहेत. मी हा मुद्दा लेखी देते, आणि आमच्या बसथांब्यावर रोज सकाळी भेटणाऱ्या दोन ताया आहेत त्यांना विचारते.

ओव्हरसियर काका, एक शंका, या समितीला कायद्याने काही आधार आहे का? म्हणजे नकाशा दाखवा म्हटलं आणि नाही म्हणाले तर?

पोर्टलँडहून_ठाणेकर
मी मूळची नौपाड्याची, सध्या अमेरिकेत पोर्टलँडला. इथे अशा समित्या पालिकेच्याच असतात म्हणून थोडं सांगते, उपयोग झाला तर बघा. सायकलवाल्यांची सल्लागार समिती आहे, पायी चालणाऱ्यांची वेगळी आहे, मी प्रेक्षक म्हणून जाऊन बसते अधूनमधून. सदस्य व्हायचं तर अर्ज करायचा, कोणाच्या ओळखीने नाही, ठराविक मुदतीसाठी नेमतात, आणि बैठक सगळ्यांना खुली असते, कोणीही जाऊन मागे बसू शकतं आणि त्यांना बोलायलाही वेळ ठेवलेला असतो. पालिकेचे इंजिनिअर अर्धवट नकाशा घेऊन येतात, पक्का नाही बरं का, अर्धवट, आणि विचारतात की इथे वळण असं ठेवलं तर काय होईल. लोक सांगतात की पावसात इथे पाणी साठतं, बस वळताना मागचं चाक फुटपाथला लागतं, आणि पुढच्या वेळी तो नकाशा बदललेला दिसतो. सगळ्याचं इतिवृत्त वेबसाइटवर.

अधिकार म्हणाल तर फक्त सल्ला. पालिकेवर बंधन नसतं. पण सल्ला लेखी असतो, सगळ्यांनी वाचलेला असतो, आणि न मानल्यास का नाही मानला हे विचारलं जातं, त्याचंच वजन. कळव्याच्या दादांनी म्हटलेला त्रास इथेही आहेच, रिकामा वेळ असलेले, स्वतःचं घर असलेले लोक जास्त येतात आणि भाड्याने राहणारे, दोन नोकऱ्या करणारे येऊ शकत नाहीत. त्यावर काही समित्यांमध्ये सदस्यांना मानधन, बैठकीच्या वेळी मुलं सांभाळायची सोय, असं काही काही करून बघतायत. तुमच्याकडे निदान बैठकीची वेळ तरी विचार करून ठेवा.

जुना_ओव्हरसियर
ताई, कायद्याचं सांगतो. ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांच्या वर लोकसंख्या असलेल्या शहरात प्रभाग समित्या आल्या. आपल्या महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २९-अ मध्ये या समितीत नगरसेवक, प्रभागाचा अधिकारी आणि सामाजिक संस्थांमधले तीनपर्यंत नामनिर्देशित सदस्य घेता येतात. शिवाय २००९ च्या दुरुस्तीने मतदारांच्या क्षेत्रसभेची तरतूद झाली, माझ्या भागात मात्र मी अजून एकही झालेली पाहिली नाही. तुमची फेडरेशनची समिती या कायद्यात कुठे बसत नाही, ती नागरिकांचीच राहणार, पण त्या तीन जागांसाठी तुमच्यातलं एखादं नाव द्या आणि तुमचे ठराव प्रभाग समितीच्या विषयपत्रिकेवर येतील असं बघा.

नकाशाचं म्हणाल तर माहिती अधिकार कायदा २००५ चा आहे, १० रुपयांचा अर्ज, मंजूर नकाशा, क्रॉस सेक्शन आणि इस्टिमेट मागा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पण माझा सल्ला, सुरुवात अर्जाने करू नका. आधी उपअभियंत्याला भेटा, त्याला सांगा की तुमचं काम सोपं करायला आलोय, साइटवर या, आम्ही मोजून ठेवलंय. एकदा त्याला बरोबर घेऊन शाळेपासून बसथांब्यापर्यंत चाला, शाळा सुटायच्या वेळी, पावसाळ्यात जमलं तर उत्तम. ऑफिसात बसून नकाशात डीपी बॉक्स म्हणजे एक छोटा चौकोन असतो, तिथे उभं राहिलं की कळतं. आणि प्रत्येक बैठकीचं इतिवृत्त त्याच दिवशी लिहा, कोणी काय करायचं कबूल केलं आणि कधीपर्यंत, त्याखाली सह्या. बदली होऊन नवा साहेब आला की तेवढाच कागद उपयोगी पडतो.

वाशी_ठाणे_लोकल
पहिल्याच बैठकीत वीस विषय घेऊ नका, एवढंच सांगते. आमचा गट मोडायला आला होता त्यामुळे. शाळेसमोरचा तो एक तुकडा घ्या, डीपी, उंची, रिक्षा थांबायची जागा, एवढंच. तो एक झाला की लोक आपोआप जोडले जातात, आणि न झालेली लांबलचक यादी बघून सगळे घरी बसतात.

रिक्षावाल्या दादांना पण बोलवा, त्यांना शत्रू समजू नका, शाळेच्या रिक्षा कुठे थांबल्या तर त्यांना आणि मुलांना दोघांना बरं पडेल हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसतं.

कळव्याचा
आणि ताई बैठक कुठे ठेवणार ते बघा. क्लबहाऊसमध्ये नको. गेटवर नाव लिहा, कोणाकडे जायचंय सांगा, इंटरकॉमवर विचारतो, एवढं झाल्यावर रिक्षावाला किंवा घरकामाची ताई आत येणारच नाही. शाळेच्या हॉलमध्ये किंवा समाजमंदिरात ठेवा. आणि वेळ रविवारी दुपारी चारच्या आसपास, रोजंदारीवाल्यालाही जमते.

कोलशेतवाली
मुख्याध्यापिका बाईंशी ओळख आहे, हॉलचं उद्याच विचारते. नाव देतेय मी समितीसाठी. टेप घरात आहेच, शनिवारी शाळा सुटताना मोजून फोटो इथेच टाकते, काका तुम्ही बघून सांगा काय काय लिहायचं ते.