के-लाइन, ओ-लाइन: चॅट सर्व्हरच्या सेटिंग फाइलीतले शब्द मराठीत कसे वापरायचे?

पाटीपेन्सिल
आमच्या विज्ञान मंडळातल्या मुलांसाठी एक लहानसा आयआरसी (इंटरनेटवरच्या लेखी गप्पांची जुनी पद्धत) सर्व्हर चालवते, एनजीआयआरसीडी या सर्व्हर-प्रोग्रामवर. पुढच्या वर्षी तो मुलांनीच सांभाळायचा आहे, म्हणून सेटिंग फाइलीची मराठी माहितीपुस्तिका लिहायला घेतलीय. सर्व्हर, पोर्ट, पासवर्ड हे शब्द जसेच्या तसे ठेवणार, त्यावर कृपया वाद नको. अडलंय ते के-लाइन, जी-लाइन, ओ-लाइन यांपाशी. ही कशाची लघुरूपं? 'के-ओळ' लिहू का? आणि कॉन्फिगरेशनला 'संरूपण' लिहिलं तर नववी-दहावीची पोरं 'इलेक्ट्रॉन संरूपण' समजून रसायनशास्त्राची वही काढतील अशी धास्ती आहे.

उंबरठा
सरळ 'सेटिंग' लिहा. फोनमुळे तो शब्द आजीपासून नातवापर्यंत पोचलाय. फक्त क्रियापद सांभाळा. 'सेटिंग बदला', 'सेटिंग तपासा' ठीक. 'सेटिंग लावली' म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर कॉम्प्युटर येत नाही, टेबलाखालचा हात येतो.

आबा_रिस्टार्ट
ताई, लघुरूपंच आहेत, पण गंमत वेगळीच आहे. आयआरसी सुरू झालं १९८८ साली, फिनलंडमधल्या औलू विद्यापीठात, यार्को ओइकारिनेन यांच्या हातून. तेव्हाच्या सर्व्हरची सेटिंग फाइल म्हणजे नुसत्या ओळी. प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर रोमन, मग अपूर्णविराम, मग रकाने. अक्षर बघून सर्व्हरला कळायचं ही ओळ कशाची ते. एम म्हणजे सर्व्हरचं नावगाव. ए म्हणजे चालवणाऱ्याची माहिती. आय म्हणजे कोणाला आत घ्यायचं, ओ म्हणजे ऑपरेटर (बंदी घालण्यासारखे अधिकार असलेला) कोण, सी आणि एन या जोडीनं शेजारच्या सर्व्हरशी दुवा. आणि के म्हणजे किल. अशी दिसायची (फाइलीत अर्थातच रोमनमध्ये):

के:*.उदाहरण.नेट:सारखा संदेशांचा पूर पाडतो:*

पहिल्या रकान्यात पत्ता, दुसऱ्यात कारण, तिसऱ्यात वापरकर्त्याचं नाव. तारा म्हणजे कोणीही. कारणाच्या जागी वेळही टाकता यायची: ०८००-१७०० लिहिलं की त्या पत्त्यावरच्यांना दिवसभर बंदी आणि संध्याकाळी दार उघडं. कामाच्या वेळात गप्पा मारत बसणाऱ्यांना आवरायला उत्तम सोय! ही सोय फाइलीतूनच मिळायची, कोणाला उठून काही करावं लागत नसे.

आता फाइलीतली अक्षरं माणसांच्या तोंडी कशी आली? सर्व्हरच ती बोलायचा. मे १९९३ च्या आरएफसी १४५९ मध्ये, म्हणजे आयआरसीचे नियम सांगणाऱ्या कागदात, 'स्टॅट्स' नावाचा हुकूम आहे. त्याच्यापुढे के टाकलं की बंदीची यादी, ओ टाकलं की ऑपरेटरांची. आणि यादीत नसताना ऑपरेटर व्हायला गेलात तर ४९१ क्रमांकाचं उत्तर ठरलेलं: तुमच्या होस्टसाठी (तुम्ही आलात त्या यंत्राच्या पत्त्यासाठी) ओ-लाइन नाही. ज्यानं ती फाइल जन्मात पाहिली नाही, त्यालाही तिच्यातल्या ओळीचं नाव कळायचं ते असं.

याच कागदात ४६५ क्रमांकाची चूक आहे, बंदी असलेल्याला दाखवायची. दाखवायचा मजकूर अगदी सभ्य, पण प्रोग्रामरांनी तिला आतलं नाव ठेवलंय त्याचा मराठी भावार्थ 'तुला बंदी आहे, नतद्रष्टा'. हे पुस्तिकेत घालू नका.

पाटीपेन्सिल
घालणारच! पण आबा, माझ्या फाइलीत तर के नावाची ओळच नाही. चौकटी कंसात 'ग्लोबल', 'लिमिट्स', 'ऑपरेटर' असे विभाग आहेत आणि त्यांखाली नाव = किंमत असं लिहिलेलं.

आबा_रिस्टार्ट
म्हणूनच 'के-ओळ' लिहू नका, असं माझं म्हणणं. ओळ म्हटलं की मुलं फाइलीत ती ओळ शोधत बसतील. एनजीआयआरसीडीत के-लाइन हा चालू सर्व्हरवर ऑपरेटरनं द्यायचा हुकूम आहे: पत्ता, किती सेकंद, कारण. सेकंद शून्य दिले तर मुदत नाही. ओ-लाइनचं काम 'ऑपरेटर' विभागात नाव, पासवर्ड आणि हवं तर मास्क (कोणत्या पत्त्यावरून यावं त्याचा नमुना) देऊन होतं. ओळी गेल्या, नावं राहिली. आपण अजून फोन 'फिरवतो'च ना? तशी 'लाइन' राहू द्या.

माठातलं_पाणी
शब्द तसाच ठेवला तरी पहिल्यांदा येईल तिथं अर्थ द्यावा लागेलच. मी सुचवतो: के-लाइन लावणे म्हणजे वाळीत टाकणे. अस्सल मराठी, पोरांना लगेच कळेल.

उंबरठा
माफ करा, पण नको. वाळीत टाकणं म्हणजे गावानं किंवा जातपंचायतीनं एखाद्या कुटुंबाशी रोटीबेटी, बोलणंचालणं तोडणं. त्याविरुद्ध महाराष्ट्रानं २०१६ साली कायदा केलाय. विज्ञान मंडळाच्या पुस्तिकेत तो शब्द गमतीनं यावा हे मला पटत नाही. शिवाय अर्थही जुळत नाही. के-लाइन एका सर्व्हरपुरती असते. तोच मुलगा त्याच जाळ्यातल्या दुसऱ्या सर्व्हरवरून आला तर पुन्हा सगळ्यांशी बोलू शकतो. त्याच्याशी कोणी बोलणं तोडलेलं नाही, एक दार बंद केलंय इतकंच.

माठातलं_पाणी
मान्य. मग 'तडीपार'? ती हद्दीपुरतीच असते आणि मुदतीची असते. पोलीस कायद्याखाली जास्तीत जास्त दोन वर्षांची. के-लाइन एका सर्व्हरची तडीपारी, जी-लाइन सगळ्या जाळ्यातून तडीपारी. हद्द बदलली की शब्द तोच.

उंबरठा
हे बरंच जवळ आलं. हद्द आणि मुदत दोन्ही सापडले. एकच खोट: तडीपार माणूस होतो, के-लाइन पत्त्याला लागते. शाळेच्या लॅबमधली सगळी यंत्रं बाहेर एकाच इंटरनेट पत्त्यानं जात असतील, तर एका उपद्व्यापी पोरासाठी त्या पत्त्यावर के-लाइन लावली की अख्खी लॅब बाहेर. पुस्तिकेत मुलांना हीच गोष्ट सर्वांत आधी कळायला हवी आणि 'तडीपार' शब्द नेमकी तीच लपवतो. मी 'मज्जाव' म्हणेन. 'अमुक पत्त्यावरून येणाऱ्यांना या सर्व्हरवर मज्जाव.' सरकारी पाट्यांमुळे ओळखीचाही आहे.

पाटीपेन्सिल
मज्जाव आवडला. आणि क्रियापद कोणतं? 'के-लाइन केली', 'दिली', 'मारली', सगळं ऐकलंय.

आबा_रिस्टार्ट
आमच्याकडे के-लाइन 'लागते'. दंड लागतो, जप्ती लागते, तशातलंच 'लागणं'. लावणारा ऑपरेटर, उठवणाराही तोच. बंदी 'उठवतात' म्हणून के-लाइनही उठवतात, 'काढली' म्हणणारेही आहेत. ओ-लाइन मात्र 'मिळते' आणि 'जाते', पद असल्यासारखी. 'त्याला ओ-लाइन लागली' असं कोणी म्हटलं तर समजावं, गडी नवा आहे. 'रिस्टार्ट मारणे' सर्वत्र आहे, पण 'के-लाइन मारली' हे मी तरी रागातच ऐकलंय.

क्यू-लाइन आली की नाही तुमच्या यादीत? ती क्वारंटाइनची. १९९० साली बर्कली विद्यापीठात एरिस नावाचा सर्व्हर होता. कोणीही यावं आणि आपला सर्व्हर त्याला जोडावा, असा त्याचा खुला कारभार. बाकीच्या चालकांना ते मानवेना. त्यांनी आपापल्या फाइलीत एरिसला क्यू-लाइन लावली आणि त्या जाळ्याला नावच पडलं 'एरिसमुक्त', म्हणजे ईएफनेट. ते आजही चालू आहे. २०२० नंतर क्वारंटाइनला 'विलगीकरण' कोणाला समजावून सांगायला नको. मात्र पुढे काही सर्व्हरांत क्यू-लाइन टोपणनावांना लागू लागली, राखीव नावं कोणी घेऊ नये म्हणून. तिथं 'विलगीकरण' बसणार नाही.

माठातलं_पाणी
क्यूचा अर्थ बदलूनही अक्षर तेच राहिलं, म्हणजे भाषांतर करणाऱ्यांचं काही खरं नाही.

पाटीपेन्सिल
आणखी एक. नमुन्याच्या फाइलीत बऱ्याच ओळींच्या आधी अर्धविराम आहे, म्हणजे त्या कमेंट केलेल्या. 'टिप्पणी केलेल्या ओळी' लिहिलं तर मुलांना वाटेल त्या ओळीवर कोणीतरी मत दिलंय.

उंबरठा
'झाकलेली ओळ' लिहा. 'ओळ झाका', 'ओळ उघडी करा'. पाठोपाठ एक वाक्य: ओळीच्या सुरुवातीला अर्धविराम किंवा हॅशचं चिन्ह असेल तर सर्व्हर ती वाचत नाही.

आबा_रिस्टार्ट
'झाकलेली' छान. आम्ही आपले 'कमेंट मार' म्हणत आलो.

इन्स्पआयआरसीडी या दुसऱ्या सर्व्हर-प्रोग्रामच्या नमुना फाइलीत याच्याशी संबंधित एक खोडी आहे. तीत 'डाय' नावाचा टॅग मुद्दाम ठेवलेला असतो. तो काढेपर्यंत सर्व्हर उठतच नाही. हेतू एवढाच, की चालकानं फाइल निदान एकदा डोळ्यांखालून घालावी.

पाटीपेन्सिल
आमच्या मुलांना हेच हवं! आता शेवटचं, 'रिहॅश'. सर्व्हर बंद न करता फाइल पुन्हा वाचायला लावणं. 'उजळणी' लिहू?

उंबरठा
उजळणीत तेच पुन्हा म्हणायचं असतं. इथं फाइल बदललेली असते म्हणून तर वाचायची. 'फेरवाचन' बघा. फेरमोजणी, फेरतपासणीच्या रांगेत बसतं.

आबा_रिस्टार्ट
फेरवाचन चालेल. त्याच्या आधी एक पायरी लिहायला विसरू नका: एनजीआयआरसीडीला 'कॉन्फिगटेस्ट' हा पर्याय देऊन फाइल तपासून घ्यायची. चुका तो तिथंच दाखवतो. पोरं हमखास अडकतात ती 'ग्लोबल' विभागातल्या सर्व्हरच्या नावाशी. त्या नावात निदान एक टिंब लागतं. 'विज्ञानमंडळ' चालत नाही, 'विज्ञानमंडळ.लोकल' चालतं.