कोविडच्या वर्षांत अभ्यासावरून उडालेलं मन अजून परत येत नाहीये

यावलकर: २०२० च्या मार्चमध्ये एमबीबीएसच्या सेकंड इयरला होतो, हॉस्टेल रिकामं केलं आणि गावी आलो. केळीच्या बागेत रेंज शोधत पॅथॉलॉजीची लेक्चरं ऐकायची, कॅमेरा बंद, हजेरी लागली की डोळे मिटायचे, वॉर्डातली पोस्टिंग तर बुडालीच. इंटर्नशिप संपली तरी पेशंटसमोर वाटतं मला काहीच येत नाही. रात्री झोप नाही. अजून कोणाचं असं झालंय का?

धुळ्याची ताई: तू एकला नही शे भो. माझी बॅच तीच. मी पुन्हा वॉर्डात उभी राहून रोज एकच पेशंट नीट तपासायला लागले, हिस्ट्री स्वतः घ्यायची, मग हळूहळू हात बसला. वाचून नाही बसला.

जामनेरचा डॉक्टर: अभ्यासाचं नंतर बघू, आधी झोपेचं सांग. दोन आठवड्यांहून जास्त झोप नाही, कशात मन नाही, तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवच. आपल्या डॉक्टरांनाच दाखवायची लाज वाटते, हेच मला फार लागतं. टेलिमानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

यावलकर: महिना झाला दादा. आज करतो फोन.