इक्वाडोर: ओतावालोचा बाजार आणि जुने जमीनदारी वाडे – प्रवासाच्या आखणीसाठी मदत हवी आहे

नमस्कार. येत्या जूनच्या अखेरीस आईला घेऊन इक्वाडोरच्या डोंगराळ भागात जाण्याचे ठरत आहे. आईने अनेक वर्षे हातमाग शिकवला आहे, त्यामुळे तिथले विणकाम तिला विणकरांच्या घरी, मागाशेजारी बसून पाहायचे आहे. मला त्यासोबत तिथल्या हासिएन्दांमध्ये, म्हणजे स्पॅनिश राजवटीत उभ्या राहिलेल्या जमीनदारी वाड्यांमध्ये, मुक्काम करायचा आहे.

वाचताना लक्षात आले की तिथल्या मागाचा आणि वाड्यांचा इतिहास एकमेकांत गुंतलेला आहे. ओतावालोच्या परिसरात वसाहतकाळी ‘ओब्राखे’ नावाचे कापडाचे कारखाने होते. तिथे स्थानिक किचवा लोकांकडून सक्तीने लोकरी कापड विणून घेतले जाई, आणि आज पाहुण्यांसाठी खुला असलेला पिन्साकीसारखा वाडाही मुळात विणकामाशीच जोडलेला होता. जमिनीच्या लहानशा तुकड्याच्या बदल्यात मालकाच्या शेतावर राबण्याची ‘वासिपुंगो’ पद्धत तर १९६४ च्या जमीन सुधारणा कायद्याने बंद झाली, म्हणजे ती सोसलेली माणसे आजही हयात असतील. म्हणून माझा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा, की कोणत्या वाड्यात हा इतिहास मोकळेपणाने सांगितला जातो? सान पाब्लो तळ्याजवळचा १६०२ सालचा कुसीन, माजी राष्ट्राध्यक्ष गालो प्लासा लासो यांच्या कुटुंबाचा सुलेता आणि पिन्साकी ही तीन नावे समोर आहेत. सुलेता गावातील स्त्रियांचे भरतकाम प्रसिद्ध असल्याने आईचा ओढा तिकडे आहे. तिथे राहिलेल्या कोणी, गावातल्या स्त्रियांशी निवांत बोलता येते का हे सांगितले तर निर्णय सोपा होईल.

दुसरा प्रश्न वारांचा. ओतावालोचा मोठा बाजार शनिवारी, तर राजधानी कितोच्या दक्षिणेकडील साकिसिलीचा आठवडी बाजार गुरुवारी भरतो. साकिसिलीला मुख्यतः आसपासचे शेतकरी आपल्या खरेदीविक्रीसाठी येतात, म्हणूनच तो चुकवू नये असे मला वाटते. आईचे वय ६८ असून तिला रक्तदाबाचा त्रास आहे. कितो सुमारे २,८५० मीटर उंचीवर आहे आणि ओतावालो त्याहून काहीशे मीटर खाली. त्यामुळे विमानतळावरून कितोत न थांबता थेट ओतावालोला जावे, शनिवारचा बाजार पाहून काही दिवस तिथेच राहावे आणि पुढील गुरुवारी साकिसिली गाठावे, असा विचार आहे. तेव्हा जवळच्याच सान अगुस्तिन दे काय्यो या वाड्यातही राहता येईल, जिथे इंका काळातील दगडी भिंती अजून वापरातल्या खोल्यांचा भाग आहेत. हा क्रम बरोबर वाटतो का? औषधांविषयी आमच्या डॉक्टरांशी बोलणारच आहे, पण ज्येष्ठांना घेऊन गेलेल्यांचा अनुभव मला हवा आहे.

जूनच्या अखेरीस तिथे इंती रायमीचा, म्हणजे सूर्याचा उत्सव असतो. त्या दिवसांत विणकर घरी माग चालवतात का, की सारे गाव नाचगाण्यात असते?

खरेदीबाबतही विचारायचे आहे. ओतावालोचा बाजार जिथे भरतो त्या पोंचो चौकात यंत्रावर विणलेला अॅक्रिलिकचा मालही पुष्कळ असतो, असे वाचले. आईला कमरेला बांधून चालवायच्या मागावर विणलेले कापड हाताला लागताच ओळखता येईल, परंतु ते कोणाकडे मिळेल हे आम्हाला ठाऊक नाही. ओतावालोजवळच्या पेगुचे गावात थेट विणकरांच्या घरी जाण्यासाठी आधी कोणाला कळवावे लागते का? घायपातीसारख्या झाडाच्या तंतूंपासून हाताने विणलेल्या ‘शिग्रा’ पिशव्याही घ्यायच्या आहेत. एखादी वस्तू विणायला काही आठवडे लागले असतील तर तिथे घासाघीस करणे आम्हाला प्रशस्त वाटत नाही. विणकराने सांगितलेली किंमतच देणे तिथल्या रीतीला धरून आहे का, तेही सांगावे.

जेवणाचा प्रश्न थोडक्यात: आई शाकाहारी आहे. बटाट्याचे लोक्रो सूप आणि चीज घातलेले यापिंगाचो, म्हणजे बटाट्याच्या टिक्क्या, चालतील, पण सुपात मांसाचा रस्सा किंवा तळणीत डुकराची चरबी नाही याची खात्री बाजारातल्या खाणावळीत कशी करून घ्यावी? त्यासाठी उपयोगी पडतील अशी स्पॅनिश वाक्ये कोणी देवनागरीत लिहून दिली तर ती कागदावर उतरवून आईजवळ ठेवीन.