डिजिटल फोटोत फिल्मसारखा ग्रेन आणायचा आहे – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

कृष्णधवल व्यक्तिचित्रांची एक मालिका करतो आहे. फोटो २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यावर, रॉ फाइलमध्ये (सेन्सरचा कच्चा डेटा) काढलेले. डेव्हलप, म्हणजे रॉ फाइलचा फोटो बनवणं, डार्कटेबल या सॉफ्टवेअरमध्ये करतो, पुढचं काम गिंप या फोटो-एडिटरमध्ये. फोटोंत तांत्रिक खोट काही नाही, पण चेहरे नको तितके गुळगुळीत दिसतात आणि मागची कोरी भिंत अगदीच निर्जीव वाटते. कोडॅक ट्राय-एक्स ४०० किंवा इलफर्ड एचपी५ प्लस या कृष्णधवल फिल्मच्या प्रिंटमध्ये जो रवाळपणा, म्हणजेच ग्रेन, असतो, तो मला हवा आहे. फोटो जुना भासावा हा हेतू नाही. ग्रेनमुळे कोऱ्या जागेलाही पोत येतो आणि उजेडाकडून सावलीकडे जाताना छटांचे पट्टे पडत नाहीत, त्यासाठी हवा आहे.

गिंपमध्ये फोटोवर थेट 'आरजीबी नॉइज' (विस्कळीत ठिपके घालणारा फिल्टर) लावून पाहिला, 'इंडिपेंडंट आरजीबी' बंद ठेवून, म्हणजे रंगीत ठिपके येत नाहीत. तरीही परिणाम फोटोवर वाळू भुरभुरल्यासारखा वाटतो. ठिपके टोकदार, सगळे एकाच मापाचे, काळ्या केसांत आणि पांढऱ्या सदऱ्यावरही तितकेच ठळक. डार्कटेबलच्या ग्रेन मोड्यूलमधला परिणाम जास्त मऊ आहे, पण ६००० पिक्सेल रुंदीचा फोटो १५०० वर आणून जेपेग काढला की जवळपास सगळा ग्रेन नाहीसा होतो.

ग्रेन चित्रातलाच वाटावा यासाठी तुम्ही काय करता? आणि तो कोणत्या टप्प्यावर घालता? विकतची प्लगइन्स असतात हे माहीत आहे, पण मला मुळात हे कसं घडतं ते समजून घ्यायचं आहे.

प्रतिसाद १

कारण तुमच्या वर्णनातच आहे: सगळीकडे सारखा. सिल्व्हर हॅलाइडचे स्फटिक लहानमोठे असतात, विकसनानंतर त्यांची चांदी होते आणि ती थरात कुठे दाट, कुठे विरळ साचते. म्हणून ग्रेनचे वेडेवाकडे पुंजके दिसतात. सॉफ्टवेअरचा साधा नॉइज मात्र प्रत्येक पिक्सेलला शेजाऱ्याची पर्वा न करता बदलतो. शिवाय प्रिंटमध्ये ग्रेन सर्वांत जास्त जाणवतो तो मधल्या करड्या छटांत. गडद काळ्यात आणि लख्ख पांढऱ्यात तो दबतो.

गिंपमध्ये असं करून पाहा. फोटोच्या वर नवा लेयर घ्या, ५० टक्के करड्या रंगाने भरा आणि मोड (खालच्या फोटोत मिसळण्याची पद्धत) 'ओव्हरले' करा. फोटो जसाच्या तसा दिसला पाहिजे. आता नॉइज या करड्या लेयरवर घाला, हवा त्यापेक्षा बराच जास्त. मग त्याच लेयरवर साधारण ०.६ ते १ पिक्सेलचा गाउसियन ब्लर (धूसरपणा) द्या. ब्लरमुळे शेजारचे ठिपके एकमेकांत मिसळून पुंजके तयार होतात, नॉइजचा जोरही उतरतो, म्हणून आधी जास्त घालायचा. शेवटी लेयरची ओपॅसिटी (अपारदर्शकता) कमी करत आणा. ओव्हरलेमध्ये शुद्ध काळा आणि शुद्ध पांढरा बदलत नाही, परिणाम मधल्या छटांत सर्वाधिक होतो. केसांचा आणि सदऱ्याचा प्रश्न तिथेच सुटेल.

डार्कटेबलमध्ये ग्रेन मधल्या छटांकडे झुकवण्याचं हेच काम 'मिडटोन्स बायस' हा स्लायडर करतो.

धागाकर्ता

खूप आभार! करड्या लेयरने भिंत एकदम जिवंत झाली, केसांतले ठिपकेही गेले. गालांवर ग्रेन थोडा जास्त वाटतो. चेहऱ्यापुरता मास्क (लेयरचा तेवढा भाग झाकणारा) लावून कमी करावा का? आणि लहान आकारात तो विरघळतो, त्याचं काय करायचं?

प्रतिसाद २

चेहऱ्याला मास्क लावू नका, अगदी मनापासून सांगतो. फिल्मवर ग्रेन छटेप्रमाणे बदलतो, विषयाप्रमाणे नाही. गाल गुळगुळीत आणि भिंत रवाळ झाली की डोळ्याला ते लगेच खटकतं. जास्त वाटत असेल तर संपूर्ण लेयरची ओपॅसिटी उतरवा. किंवा फिल्मचं माप मोठं कल्पा: तीच फिल्म ३५ मिमीऐवजी १२० च्या रोलमध्ये (जास्त रुंद फिल्म) असेल तर निगेटिव्ह कमी मोठं करावं लागतं आणि ग्रेन बारीक दिसतो. म्हणजे ब्लर कमी, ठिपका लहान.

विरघळण्याचं कारण सरासरी. ६००० वरून १५०० वर येताना साधारण १६ पिक्सेलांचा एक होतो आणि स्वतंत्र नॉइजचा जोर चौथ्या हिश्श्यावर येतो. म्हणून क्रम असा ठेवा: डेव्हलप, आकार लहान करणं, शार्पनिंग (कडा ठळक करणं), आणि सगळ्यांत शेवटी ग्रेन. ग्रेननंतर शार्पनिंग केलंत तर ठिपक्यांना पुन्हा टोकं येतील. प्रिंटसाठी आणि पडद्यासाठी वेगवेगळा ग्रेन लेयर करावा लागतो, त्याला पळवाट नाही. तपासताना १०० टक्के झूमवरच पाहा. फोटो खिडकीत मावेल असा छोटा करून पाहिला तर तिथेही हीच सरासरी होते.

जेपेगची गुणवत्ता मात्र ९० च्या आसपास ठेवा. जेपेग ८×८ पिक्सेलांच्या चौकटींत आधी बारीक तपशीलच टाकून देतं, आणि ग्रेन म्हणजे नेमका तोच तपशील. फाइल जड होईल, ती होऊ द्या. रॉ डेव्हलप करताना नॉइज रिडक्शनही फक्त रंगाच्या नॉइजपुरतं ठेवा. उजेडाचा (कमीजास्त उजळ ठिपक्यांचा) थोडा नॉइज राहू दिलात तर वरून घातलेला ग्रेन त्यात सहज मिसळतो.